आम्हाला नकार द्या हो!

राज्यातल्या समस्त नेट-सेट-पीएचडीधारकांच्या वतीने सरकारदरबारी आमची एकच मागणी आहे. नोकरी नको. (ती मागायचं वय गेलं.) फक्त नकार द्या. लेखी, सही-शिक्क्याचा, जावक क्रमांकासह.

परदेशी विद्यापीठांत अर्ज करणारी मंडळी 'रिजेक्शन आलं' म्हणून उसासे टाकतात, तेव्हा आम्हाला त्यांचा हेवा वाटतो. आलं ना! आमच्याकडे सहायक प्राध्यापकपदाच्या उमेदवाराला नाही म्हणण्याची पद्धतच नाही. लग्नाच्या बाजारातसुद्धा मुलीकडचे निदान 'पत्रिका जुळत नाही' एवढं तरी कळवतात. आमचे संस्थाचालक 'कळवतो' म्हणतात आणि पुढच्या जाहिरातीत 'यापूर्वी अर्ज केलेल्यांनी पुन्हा अर्ज करावा' असं छापतात. शुल्कासह, अर्थातच.

सरकारने मात्र घाई कधीच केली नाही. २०१७ साली भरती थांबली. २०१८ मध्ये ३,५८० जागांना परवानगी मिळाली. त्यांतल्या भरायच्या राहिलेल्या २,०८८ जागांना २०२१ मध्ये नव्याने परवानगी मिळाली. परवानगीलाच परवानगी! मध्ये बिंदुनामावली, मागासवर्ग कक्ष, सहसंचालकांचं ना-हरकत, विषयतज्ज्ञांच्या तारखा आणि तेवढ्यात लागलेली आचारसंहिता. पीएचडीचं तर विचारूच नका. विद्यापीठात १ जुलै २०२१ पासून ती सक्तीची, असं यूजीसीने ठरवलं. मग तारीख १ जुलै २०२३ वर गेली. तो दिवस उजाडला तेव्हा पीएचडी ऐच्छिक, नेट-सेट पुरे! दरम्यान जिवाच्या आकांताने प्रबंध बांधून घेतलेल्यांनी तो उशाला घ्यावा. जाडी बरी असते.

या सगळ्या भरतीतून नियमित उत्पन्न मिळालेला एकच माणूस आमच्या पाहण्यात आहे : विद्यापीठाच्या फाटकासमोरचा झेरॉक्सवाला. फाईल नुसती चाळून तो सांगतो, "सर, शोधनिबंधाचं मुखपृष्ठ राहिलं. आणि जात वैधता पुढे लावा, मागे लावली की तो क्लार्क ओरडतो." आठ प्रती काढता काढता आवाज खाली आणून म्हणतो, "ही जागा फिक्स आहे म्हणतात. स्पायरल करू ना?" निवड समितीत एवढा जाणकार माणूस का घेत नाहीत, कळत नाही.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत महाविद्यालयांसाठी गुणांचा सुरेख तक्ता आहे. पीएचडीला २५, नेटला ८, सेटला ५, शोधनिबंधांना जास्तीत जास्त ६. उमेदवार वर्षानुवर्षं एकेक गुण जमवतो. त्याच नियमावलीत बारीक टीप आहे : हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते, निवड केवळ मुलाखतीवर. म्हणजे एवढं सगळं केलं ते प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या बाकड्यावर बसायला मिळावं म्हणून. आणि त्या बाकड्यावर शिपाई चहा देता देता विचारतो, "कुणाकडून आलात?" कुणाकडूनच नाही म्हटलं की पुढचा चहा येत नाही. अर्जात खाली छापलेलं असतंच, की वशिला लावल्यास अर्ज बाद.

मग कधीतरी उडत उडत कळतं : योग्य उमेदवार आढळला नाही. आणि जुलैत त्याच महाविद्यालयातून फोन येतो. "सर, सीएचबीवर येता का? तोच विषय आहे." पूर्ण पगाराला अयोग्य ठरलेला माणूस तासिका तत्त्वावर एकदम विद्वान होतो! यूजीसीने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकाला तासाला १,५०० रुपये, महिन्याला कमाल ५०,००० असा दर सांगितला. तो आकडा आमच्या सीएचबीवाल्यांनी फक्त वाचलेला आहे. मे महिन्यात तास नाहीत, म्हणून मानधन नाही. भूक तेवढी असते, पण ती कार्यभारात धरत नाहीत.

म्हणून ही मागणी. नकारपत्राचा मसुदाही आम्हीच करून दिला. 'आपली निवड झालेली नाही. कारण (लागू असेल त्यावर खूण करावी) : जागा आधीच दिली होती / जाहिरात चुकून निघाली / आपण फार शिकलात.' मंत्रालयातून चक्क तोंडी उत्तर आलं. कल्पना उत्तम आहे, म्हणाले, पण एवढी पत्रं टाईप करायला लिपिक लागेल, आणि लिपिकाच्या जागेचा प्रस्ताव वित्त विभागाकडे आहे. कळवतो.