व्याह्यांनी मेडल पालथं केलं आणि...

अहो, ऐकलंत का? जरा इकडे सरका, भिंतीलाही कान असतात. समोरच्या काकांचं ते मेडल हो! शोकेसमधलं, मखमली डबीतलं. ‘आमच्या थोरल्या काकांचा दुसऱ्या महायुद्धातला इटली स्टार, माणगावच्या व्हिक्टोरिया क्रॉसवाल्या यशवंत घाडग्यांच्या पलटणीतले ते,’ हे दर हळदीकुंकवाला ऐकून पाठ झालंय आपलं. तर रविवारी त्यांचे व्याही आले. साताऱ्याचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. काकांना राहवतंय होय! मी विरजण मागायला गेले होते, म्हणजे सहजच...

व्याह्यांनी आधी डबीच बघितली. "ही कुठली?"

"ओरिजिनल! मेडलबरोबरच आलेली."

"मखमल कसली? मोहिमेचं मेडल साध्या पुठ्ठ्याच्या डबीत यायचं."

काकूंचा पोह्यांचा डाव हवेतच! आणि त्या नातवाला काय सुचलं कोण जाणे, नोटा तपासायची जांभळी टॉर्च घेऊन आला. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल अशी ती फीत, तिचे पांढरे पट्टे साबणाच्या जाहिरातीतल्या शर्टासारखे चमकले! व्याही म्हणाले, ही चमक आणणारी रसायनं त्या महायुद्धानंतर सर्रास झाली, फीत अलीकडची आहे. सून खाली मान घालून हसत होती, मी पाहिलं ना. तिचं माहेर तसं पहिल्यापासून... जाऊ दे.

तर काय सांगत होते? हां, मेडल. ते मात्र खरं निघालं! ओतीव नक्कल असती तर अक्षरं बोथट असती, अंगावर बारीक खड्डे असते. इथे मुकुट, अक्षरं, सगळं कसं रेखीव. काकांची छाती फुगली. तेवढ्यात व्याह्यांनी स्टार पालथा केला. ब्रिटिश सैनिकांचे स्टार मागून कोरे असायचे, आपल्या जवानांच्या स्टारवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असायची. व्याह्यांनी वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

"तुमचे काका मराठा पलटणीत ना? इथे ८ पंजाब आहे. नावही निराळंच दिसतंय."

काकांचा चेहरा... काय सांगू! म्हणे, "त्या काळी कारकून चुका करायचे."

"नावाचं स्पेलिंग चुकेल हो. अख्खी पलटण कशी चुकेल?"

शेवटी काकूंनीच फोडलं. स्टार जुन्या बाजारातला, डबी आणि फीत दुसरीकडची. व्याह्यांनी मुकाट्यानं ते नाव कागदावर उतरवून घेतलं. त्या जवानाच्या घरच्यांना द्यायला हवं म्हणाले, पण शोधायचं कुठे? ती पलटण फाळणीत पाकिस्तानकडे गेली. काका तेव्हापासून खिडकीतही दिसले नाहीत. मला विचाराल तर डबीचं चालून गेलं असतं, दुसऱ्याच्या लढाईवर आपलं आडनाव लावणं नाही चालत.

आणि हो, तुमच्या माळ्यावर सासऱ्यांची ट्रंक आहे ना? त्यात काही निघालं तर आधी मागची बाजू आणि कडा नीट वाचा. ब्रासो लावून घासू नका हं, नाव झिजतं.