स्पेलिंगअण्णा

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक स्पेलिंगअण्णा असतात. बँकेतून नाहीतर मंत्रालयातून निवृत्त, तर्खडकरांवर वाढलेले, रेन अँड मार्टिनवर पोसलेले आणि खिशात कायम लाल पेन. पाणी बंद राहणार अशी इंग्रजी नोटीस लागली की सगळे बादल्या भरायला धावतात. अण्णा पेनाचं टोपण काढतात. सेक्रेटरीला जिन्यातच गाठून म्हणतात, "अहो, परिणाम करायचा तर 'अफेक्ट', झालेला परिणाम तो 'इफेक्ट'!" सेक्रेटरीला हे उमगेपर्यंत पाणी गेलेलं असतं.

अण्णांना लग्नाला बोलावणं जोखमीचं. बुफेवरची पाटी वाचून ते केटररला विचारतात, "जेवणानंतर वाळवंट वाढणार का?" कारण 'डेझर्ट'मध्ये एकच एस. "गोड दोनदा घ्यावंसं वाटतं, म्हणून एस दोन," असं सांगत ते गुलाबजाम दोनदा घेतात. स्वतःच्या मुलीच्या लग्नात तर आहेराच्या पाकिटांवरच्या 'कॉम्प्लिमेंट्स'मधला आयऐवजी पडलेला ई दुरुस्त करता करता आतले पैसे मोजायचे राहिले.

पोरांना मात्र अण्णांच्या खुणा आवडतात. "मुख्याध्यापक लिहिताना शेवटी पी-ए-एल, म्हणजे पाल. तत्त्वाच्या 'प्रिन्सिपल'मध्ये पाल नसते!" स्पेलिंग कुणाच्या लक्षात राहिलं ठाऊक नाही, मुख्याध्यापकांना टोपणनाव मात्र चिकटलं.

अण्णा हरले ते कोपऱ्यावरच्या दुकानदारापुढं. त्याच्या पाटीवरच्या 'स्टेशनरी'त ईच्या जागी ए होता. "अरे, याचा अर्थ जागचं न हलणारं! वह्या-पेनांना ई लागतो, एन्व्हलपमधला ई."

"मग बरोबरच आहे की, अण्णा. वडिलांच्या वेळेपासून दुकान हललंय का जागचं?"

गंमत म्हणजे इतिहासही दुकानदाराच्याच बाजूचा. मध्ययुगात गावोगाव फिरणाऱ्या विक्रेत्यांहून वेगळे, एका जागी दुकान थाटून बसणारे पुस्तकविक्रेते ते 'स्टेशनर'. लंडनमध्ये त्यांच्या संघाला १५५७ साली राजसनद मिळाली. त्यांच्याकडचा माल ती स्टेशनरी. म्हणजे ए काय नि ई काय, दोघे सख्खे भाऊ.

तरी अण्णांना हसू नका. नोकरीचा अर्ज धाडण्याआधी एकदा त्यांच्या नजरेखालून घाला. साधा स्पेलचेकर असले जुळे शब्द मुकाट्यानं सोडून देतो, कारण स्पेलिंग म्हणून दोन्ही बरोबरच असतात. अण्णा सोडत नाहीत.