वंशवृक्ष सुखरूप आहे

ति. नाना व ति. आई यांस शि. सा. न. वि. वि.

कुकरच्या शिट्या मोजत सूनबाई हे लिहीत आहेत. 'वंशवृक्ष कोसळला' ही बातमी आत्यांनी आळीभर केली असेल तर ती मागे घ्यावी. कोसळला तो कॉम्प्युटरातला प्रोग्राम. तुमचे चिरंजीव ठणठणीत आहेत. जेवायला हाक मारली तर ओ देत नाहीत, पण ते लग्नापासूनच.

बंड्याने कुलवृत्तांत कॉम्प्युटरवर भरून त्याची गेडकॉम फाइल पाठवली. गेडकॉम काढलं १९८४ साली मॉर्मन चर्चने, आणि त्यांचं मुख्यालय इथेच, सॉल्ट लेक सिटीत. चिरंजीवांना वाटलं, फाइल माहेरी आल्यासारखी रुळेल. इथल्या प्रोग्रामने ती अर्धी गिळली आणि मान टाकली. दर वेळी तेच.

मग फाइलची प्रत काढून नोटपॅडमध्ये उघडली. आत साधा मजकूर: ओळीच्या आरंभी ०, १, २ असे आकडे, पुढे नाव, जन्म, कोण कोणाचं लेकरू. पहिला घोटाळा माथ्यावरच होता. अक्षरं 'आन्सेल'ची असल्याचं लिहिलेलं, आणि आन्सेलला देवनागरीचा गंधही नाही. तिथे 'यूटीएफ-८' केल्यावर नावं वाचता आली, प्रोग्राम मात्र बंद पडायचा थांबेना. म्हणून फाइलचे दोन भाग केले, दोन्हींना माथा आणि शेवटची ओळ जोडली आणि वेगवेगळे आत घातले. जो भाग बंद पाडी त्याचे पुन्हा दोन. असं करत तपास विष्णुपंतांच्या दारात येऊन थांबला.

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. बंड्याने दोन्ही विष्णुपंत एकच धरले, म्हणजे विष्णुपंत स्वतःचेच आजोबा झाले! पूर्वज शोधत वर चढणारा प्रोग्राम फिरून त्यांच्यापाशीच येई आणि दमून पडे. दोघांची फारकत केली, फाइल मुकाट्याने आली. मामाच्या मुलीशी झालेली लग्नं निर्दोष निघाली, हे आत्यांना मुद्दाम सांगा. त्यांचा पहिला संशय तिथेच होता.

सुमीने तो मुलगा नाकारला ते उत्तम केलं. पत्रिका जुळली म्हणून घोरणं थोडंच जुळतं? आणि वरच्या आळीतल्या भांडणात नानांनी मध्यस्थी करू नये, अशी आम्हा दोघांची विनंती आहे.

पागोळीखाली नवं पिंप लावलंत म्हणे! हे इथे बोलू नका. युटामध्ये पावसाचं पाणी साठवायची मोकळीक २०१०च्या कायद्याने दिली, तीही मापून. नोंदणीवाचून शंभर गॅलनची दोनच पिंपं. पुढे सरकारात नाव नोंदवायचं, आणि तरी हद्द २,५०० गॅलन. कोकणातल्या माणसाने हे ऐकून हसावं की रडावं? परवा फोनवर तुमच्याकडचा पाऊस ऐकू येत होता. आईंनी 'ठेवू का?' म्हणून कितीदा विचारलं, चिरंजीव ठेवू देईनात. बोलत मात्र काहीच नव्हते.

एक काम आहे. जुन्या गेडकॉमला ग्रेगोरियन, ज्युलियन, हिब्रू, फ्रेंच राज्यक्रांतीचंसुद्धा कॅलेंडर कळतं. शके कळत नाही. तेव्हा धाकट्या विष्णुपंतांच्या जन्मतिथीची इंग्रजी तारीख जोशीकाकांकडून काढून घ्या आणि कागदावर लिहून पाठवा. बंड्याला टाइप करायला देऊ नका.

कळावे,
सूनबाई