सही जुळते का बघ

सुखी माणसाच्या अंगात सदराच नव्हता, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. त्याने टास्क मॅनेजरही कधी उघडला नसणार. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या, की आपल्याच लॅपटॉपमध्ये आपल्याला न सांगता कोण कोण मुक्काम ठोकून आहे याची यादी समोर येते आणि मनाची शांती जाते ती जातेच. ‘सर्व्हिस होस्ट’ नावाची मंडळी पानभर पसरलेली. मध्येच एक ‘रनटाइम ब्रोकर’. निम्मं आयुष्य भाड्याच्या घरात काढलेल्या माणसाच्या पोटात ब्रोकर या शब्दानेच गोळा येतो.

माझ्या यादीत सगळ्यात वर बसला होता ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’. पंखा घोंघावत होता, मांडीला चटके बसत होते आणि सीपीयूचा मोठा घास हाच गृहस्थ गिळत होता. तपशिलात त्याचं फाइलनाव सापडलं: एमएसएमपीईएनजी डॉट ईएक्सई. एका दमात वाचलं तर ‘म्हसंपेंग’ असं काहीतरी होतं. विंडोजबरोबर फुकट येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसचा हा पडद्यामागचा कामकरी, एवढं ऐकून ठाऊक होतं. पण नाव काय, कुणीही लावील.

म्हणून वागणुकीवरून पारख करायला बसलो आणि जास्तच घाबरलो. लॅपटॉप सुरू होताच हा न बोलावता हजर. खिडकी नाही, चेहरा नाही. आपली एकूण एक फाइल उघडून बघतो. मालकाशी इंटरनेटवरून परस्पर बोलतो. आणि ‘एंड टास्क’ दाबून हाकलायला गेलं, तर ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणून आपल्यालाच दटावतो. आता व्हायरस याहून वेगळं काय करतो? रक्षक आणि भक्षक यांची दिनचर्या तंतोतंत एकच असावी, ही संगणकशास्त्राने केलेली क्रूर थट्टा आहे. अर्थात कारण सरळ आहे. सहज हाकलता येणारा रक्षक व्हायरसनेही सहजच हाकलला असता.

हे सगळं मी खालच्या मजल्यावरच्या आप्पांपुढे मांडलं. आप्पा बँकेत होते, आणि सगळी उमेद त्यांनी चेकवरची सही कार्डावरच्या सहीशी ताडून पाहण्यात घालवली. संगणक त्यांना मान्य नाही. पण संशय हा त्यांचा पिंड.

“अरे, वागणुकीवर काय जातोस? लफंग्याची वागणूक नेहमी उत्तम असते,” आप्पा म्हणाले. “राहतो कुठे ते विचार. आणि सही कुणाची आहे?”

मी नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ दाबलं. पत्ता निघाला तो असा: सी ड्राइव्ह, प्रोग्रॅमडेटा, मायक्रोसॉफ्ट, विंडोज डिफेंडर, प्लॅटफॉर्म आणि त्यापुढे आवृत्तीचा लांबलचक आकडा. त्यातलं प्रोग्रॅमडेटा हे फोल्डर विंडोज मुळातच लपवून ठेवतं.

“लपवून का?” आप्पा.

“आपण पुसून टाकू नये म्हणून.”

“म्हणजे मालकाला ओळखून आहे.”

आप्पांचा संशय उतरेना, तेव्हा मी त्यांना पहिल्यावहिल्या पीसी व्हायरसची हकीकत सांगितली. 1986 साली लाहोरच्या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला आणि त्यात स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातला. आप्पा हरखलेच. “याला म्हणतात व्यवहार! व्हायरस असून पत्ता उघडा, आणि तुझा हा पहारेकरी बुरख्यात.”

मग सही. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ असा रकाना असतो. तिथे मायक्रोसॉफ्टचं नाव होतं आणि तपशिलात सही ठीक असल्याचा निर्वाळा. फाइलमधलं एक अक्षर जरी नंतर कुणी बदललं तरी ही सही जुळत नाही, हे सांगितल्यावर आप्पा पहिल्यांदाच संगणकाकडे आदराने बघू लागले. “आमच्याकडे एवढी सोय असती, तर माझा चष्म्याचा नंबर वाढला नसता.”

इथे थांबायला हवं होतं. पण अर्धी माहिती मला पचत नाही. जुलै 2021 मध्ये अमेरिकेतल्या कसेया या कंपनीच्या सॉफ्टवेअरवाटे खंडणीखोरांनी मोठा हल्ला चढवला, तेव्हा त्यांनी याच एमएसएमपीईएनजीची जुनी, पण अस्सल सहीची प्रत बरोबर आणली होती आणि तिच्या शेजारी स्वतःची खोटी फाइल ठेवली होती. अस्सल प्रोग्रॅमने ती बिनदिक्कत उचलली आणि कामाला लावली.

आप्पा गंभीर झाले. “सही खरी, पण रक्कम भलत्याने भरलेली. आणि पत्ता?”

पत्ता भलताच होता. आपलं हक्काचं फोल्डर सोडून तो दुसरीकडेच बसला होता.

“मग! दोन्ही बघायचं. एकावर भागवणारा कारकून मी एका दिवसात काउंटरवरून उठवला असता.”

शिवाय खरा रक्षक शहाणाच असतो असंही नाही. 21 एप्रिल 2010 रोजी मॅकॲफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधल्या एसव्हीसीहोस्ट या अत्यावश्यक फाइललाच व्हायरस ठरवून पकडलं आणि जगभरची यंत्रं पुन्हा पुन्हा बंद-चालू होत बसली. “मॅनेजरलाच चोर म्हणून धरला,” एवढंच आप्पा म्हणाले. पण चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. त्यांचा मॅनेजर कसा होता, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते नातवाचा लॅपटॉप काखेत मारून वर आले. त्यावर एक अँटिव्हायरस आपणहून उगवला होता आणि तीनशेबारा व्हायरस सापडल्याची लाल पाटी नाचवत पैसे मागत होता. नातवाने कसलासा फुकटचा गेम उतरवला होता, त्याबरोबर पाहुणा आलेला. आप्पांनी मला हात लावू दिला नाही. स्वतः राइट क्लिक केलं. पत्ता निघाला टेम्प नावाच्या फोल्डरमधला.

“टेम्प म्हणजे टेम्पररी ना? लॉजवर उतरलाय लेकाचा!”

प्रॉपर्टीज उघडल्या. सहीचा रकानाच नव्हता. एरवी सही नाही म्हणजे व्हायरसच असं नसतं. छोटे प्रामाणिक प्रोग्रॅमही बिनसहीचे असतात. म्हणून मी ती फाइल व्हायरसटोटलवर चढवून बघू म्हटलं. तिथे सत्तरेक अँटिव्हायरस एकाच फाइलवर आपापलं मत देतात. आप्पांना हे अजिबात पटलं नाही. “बिनसहीच्या चेकवर बैठक भरवतोस?” तरी चढवली. बहुतेकांनी लाल शेरा मारला. मग डिफेंडरकरवीच पूर्ण तपासणी करून तो पाहुणा काढला. ती चालू असताना पंखा पुन्हा घोंघावू लागला, पण आप्पांनी “काम करतोय, करू दे,” म्हणून मलाच गप्प केलं.

लॅपटॉप मिटताना मात्र ते अडले. चेक परत गेला की बँक दंड लावते.

“याचे रिटर्न चार्जेस कुणाच्या खात्याला टाकायचे?”

मी नातवाचं नाव सांगितलं.