कुलमुखत्यार साहेबांस अनावृत पत्र

सन्माननीय कुलमुखत्यारधारक साहेब यांसी,

सा. न. वि. वि.

दापोलीकडची ती पंचवीस गुंठे जागा आपण दाखवलीत, त्याबद्दल प्रथम आभार. आंब्याची कलमं, मागे वहाळ, पुढे डांबरी रस्ता. सगळं पाहिलं. पाहायचे राहिले ते फक्त मालक. ते मुंबईला असतात आणि "त्यांना कशाला त्रास?" असं आपण म्हणालात. दुसऱ्याच्या त्रासाची इतकी काळजी हल्ली सख्खे पुतणेसुद्धा करत नाहीत.

आपण दिलेलं कुलमुखत्यारपत्र मी रात्री जागून वाचलं. 2009 सालचं आहे. लिहून देणाऱ्याचं वय तेव्हा 81 लिहिलंय. म्हणजे आजोबा आता शंभरीच्या उंबरठ्यावर. तरी दस्ताला जोडायच्या घोषणापत्रात आपण ठणकावून सांगता की लिहून देणार हयात आहेत आणि मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही. याच घोषणापत्रात खाली नोंदणी कायद्याच्या कलम 82 चा उल्लेख असतो. खोटं निघालं तर सात वर्षांपर्यंत कैद. आपली छाती खरंच मोठी. कारण मालकाचा श्वास थांबला की मुखत्याराचा अधिकारही थांबतो, असं 1872 च्या करार कायद्यातलं कलम 201 सांगतं. मग जमीन वारसांची, आणि आपण त्यांच्या ओळखीचेसुद्धा नाही.

पत्राच्या माथ्यावर ठळक अक्षरांत "कधीही रद्द न होणारे" असं आहे. वाचून धीर आला. पण वकीलबाई म्हणाल्या, नुसतं लिहून तसं होत नाही. त्या मिळकतीत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असावा लागतो. आपला हितसंबंध दोन टक्क्यांचा, तोही माझ्याकडून.

मुद्रांकाचं मात्र कोडं सुटेना. विक्रीचा अधिकार जवळच्या नातलगाला विनामोबदला दिला तर महाराष्ट्रात 500 रुपयांत भागतं. परक्याला दिला तर खरेदीखताइतकं शुल्क. आपला कागद 500 चा. "मी त्यांना मुलासारखाच," असं आपण सांगितलंत. भावना पोचली, पण मुद्रांक कायद्याच्या यादीत "सारखा" हे नातं मला सापडलं नाही.

शेतकरी दाखल्याचं "बघू" म्हणालात. कुळकायद्याचं कलम 63 बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेऊ देत नाही. आपल्या "बघू"पुढे त्याचा टिकाव लागेलसं वाटत नाही.

खरेदीखताची घाई नको, सध्या साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असा तिहेरी संच करून घेऊ, अशीही आपली सूचना आहे. शुल्कही वाचेल. सूरज लॅम्प खटल्यात 11 ऑक्टोबर 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच संचाबद्दल सांगितलं की याने मालकी हस्तांतरित होत नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. त्याच निकालात खऱ्याखुऱ्या मुखत्यारपत्रांना धक्का नाही असंही म्हटलंय. परदेशातल्या मुलाने आईला किंवा आजारी माणसाने भावाला दिलेली पत्रं असतातच. आपलंही तसंच असेल. म्हणून तर एवढंच मागतो: आजोबांशी एकदा व्हिडिओ कॉल लावून द्या, ताजा सातबारा आणि फेरफार दाखवा. पैसे मी थेट त्यांच्या खात्यात भरीन. आपली दलाली वेगळी, रीतसर पावतीवर.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक होऊ घातलेला जमीनदार

ता. क. : आपण पाठवलेल्या इसार पावतीच्या मसुद्यात "रक्कम मला रोख पोचली, तक्रार नाही" असं आधीच टाइप केलंय. त्यातला "मला" खोडून आजोबांचं नाव घातलं आहे. "रोख"ही खोडलं आहे. "तक्रार नाही" तेवढं तात्पुरतं राहू दिलं आहे.