ताबा घेणारे नाना

आमच्या सोसायटीतल्या नानांना न्यूझीलंड कसं वाटलं, हे विचारू नका. न्यूझीलंडला जाण्याआधीचे महिने कसे गेले, ते विचारा. मात्र बसून विचारा, कारण ते महिने नानांचे अजून सांगून झालेले नाहीत.

पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला नानांची उभी हयात गेली. वस्तू भाड्याची असो की मालकीची, तिचा ताबा घेताना स्क्रू न् स्क्रू तपासायचा, हा त्यांचा धर्म. त्यांच्या फ्लॅटचा ताबा द्यायला बिल्डरचा माणूस सकाळी दहाला आला होता. पाच मिनिटांत किल्ल्या टेकवून निघायचा त्याचा बेत होता. दिवेलागणीला तो सुटला, तेही घरातले सगळे नळ एकदम सोडून गच्चीवरची टाकी किती वेळात रिकामी होते हे नानांना कळल्यानंतर.

अशा माणसापुढे जावई सहज बोलून गेले, "नाना, साउथ आयलंडला मोटरहोम घेऊ भाड्याने. हॉटेलं नकोत, बॅगांची उचलाउचल नको. बाकीचं तिथे गेल्यावर बघू."

"तिथे गेल्यावर बघू" या वाक्याने नानांचं ब्लडप्रेशर वाढतं, हे जावयांना माहीत नव्हतं असं नाही. पण लग्नाला बारा वर्षं झाली की माणूस बेसावध होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने एक लांबलचक चौकोन उमटला. लांबी सात मीटरच्या थोडी वर, रुंदी सव्वादोन. हे म्हणे सहा माणसांचं मोटरहोम. आत पुन्हा रेघा: इथे ओटा, इथे फ्रिज, इथे दिवसा टेबल आणि रात्री तेच पलंग. नाना, नानी, लेक, जावई आणि दोन नातवंडं या सहा जणांना त्या रेघांत उभं करून नानांनी वावरायला लावलं. रेघेबाहेर पाय पडला की "भिंतीला लागलास!" वॉचमनला वाटलं, नानांनी जादा पार्किंग मिळवलं. सेक्रेटरींनाही तसंच वाटलं आणि त्यांनी नोटीस काढली. नोटिशीला नानांनी आकृतीसह उत्तर दिलं. त्यात त्यांनी सोसायटीच्या कमानीची उंचीही कळवली. कारण मोटरहोमची उंची तीन मीटरच्या वर असते, आणि झाकलेल्या पार्किंगमध्ये जाऊन टप फाडून घेणारे हौशी दरवर्षी कुठे ना कुठे निघतातच.

मग पाणी. मोटरहोमची पिण्या-वापरायची टाकी साधारण शंभर लिटरची. ती भरायची आपण आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करायचीही आपणच. नानांनी एका रविवारी घराचा मुख्य कॉक बंद करून सहा माणसांना शंभर लिटर मोजून दिलं. दुपारी बारालाच पाणी संपलं. चौकशीअंती नातवाची आंघोळ दोषी ठरली. तेव्हापासून तो पोरगा बादलीकडे गुन्हेगाराच्या नजरेने बघतो. त्याला दुसरा धक्का विजेचा बसला. मुक्कामाच्या जागी बाहेरच्या खांबाला वायर जोडली तरच २३० व्होल्टचे प्लग आणि मायक्रोवेव्ह चालणार. एरवी दिवे, पंप आणि मोबाइलचं चार्जिंग एवढं बॅटरीवर भागवायचं. "म्हणजे लोडशेडिंगच की," नानी म्हणाल्या. त्यांना त्या देशाबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

पण खरा पेच होता संडासाचा. वाटेत कुठेही परवानगीच्या जागी फुकट मुक्काम करायचा, तर गाडी 'सेल्फ कन्टेन्ड' हवी, म्हणजे पाणी, सांडपाणी, मैला सगळं स्वतःच्या पोटात ठेवणारी. २०११ च्या फ्रीडम कॅम्पिंग कायद्यात २०२३ साली सुधारणा झाली. आता असं प्रमाणपत्र मिळायला संडास गाडीत पक्का बसवलेला लागतो, सुटा चालत नाही. हे वाचून नाना प्रसन्न झाले. पक्क्या बसवलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल त्यांना आदर आहे. नानी मात्र हबकल्या. "अहो, वाड्यात होतो तेव्हा तो अंगणाच्या पलीकडे होता. फ्लॅटमध्ये आलो तेव्हा घरात आला. आता काय उशाशी घेऊन झोपायचं?"

उशाशी तर उशाशी, पण रिकामा कोणी करायचा? संडासाखाली एक कॅसेट असते. ती बाहेरच्या दारातून ओढून काढायची, चाकांवर ढकलत डम्प स्टेशनला न्यायची, ओतायची, धुवायची आणि निळं औषध घालून परत बसवायची. नानांनी पाळीपत्रक केलं, लॅमिनेट केलं, आणि तिथेच अडकले. नातवंडं लहान. लेकीला वास सोसत नाही. नानींना सांगायची हिंमत नाही. नानांची कंबर धरलेली. उरले जावई. आता ज्या जावयाला अधिक महिन्यात चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे वाढले, त्याच्या हातात ही कॅसेट कशी द्यायची? दोन आठवडे घरात कुजबुज चालली. शेवटी जावईच म्हणाले, "मी करतो हो, त्यात काय!" नानींनी त्यांना जागच्या जागी चौतिसावा अनारसा कबूल केला.

नंतर सामानावर धाड पडली. न्यूझीलंडच्या विमानतळावर खाण्याची वस्तू, बिया, माती लागलेले बूट, सगळं जाहीर करावं लागतं. लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. नानांचं सूत्र ठरलं: "सांगितलं तर फार तर कचरापेटीत जाईल. लपवलं तर खिशातून जाईल." मधाला तिथे बंदीच आहे, म्हणून खोकल्याची मध-आल्याची बाटली पुण्यातच राहिली. मेतकूट, गोडा मसाला आणि भाजणी यांच्या पाकिटांवर घटकपदार्थांच्या चिठ्ठ्या चिकटल्या. नानांनी सगळ्यांचे ट्रेकिंगचे बूट जुन्या टूथब्रशने घासून घेतले. सिंहगडाची माती इतक्या सन्मानाने कुणी धुतली नसेल.

गाडी चालवायची तयारी वेगळीच. तिथेही आपल्यासारखं डावीकडूनच चालवायचं आणि लायसन्सवर इंग्रजी असल्याने तेही चालतं, यावर जावई खूश होते. नाना म्हणाले, "डावीकडून चालवतात ते. आपण मोकळं असेल तिथून चालवतो." साडेतीन टनांवरच्या गाडीला मोकळ्या रस्त्यावरही ताशी ९० ची मर्यादा, इतरांना शंभर. एका गाडीपुरते रुंद पूल असंख्य, आणि पाटीवर आपल्या बाजूचा बाण छोटा लाल असला की थांबून समोरच्याला येऊ द्यायचं. यासाठी दिवाणखान्यात दोन खुर्च्यांमधून पूल बांधला गेला. रोज संध्याकाळी नातवंडं एकमेकांना "आधी आप" म्हणू लागली. घरातली भांडणं निम्म्यावर आली. जावयांची अंतिम परीक्षा मात्र पुण्याच्या रस्त्यावर झाली: कोथरूड ते हडपसर, हॉर्नला हात न लावता. ते पोहोचले. पण बराच वेळ कुणाशी बोलले नाहीत.

भाड्याचा करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. डिझेलच्या गाडीला तिथे रस्तावापर कर दर हजार किलोमीटरमागे लागतो आणि तो गाडी परत करताना वसूल होतो, हे त्यांनी शोधलं. विमा काढला तरी क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रस्ता त्यात बसत नाही, हेही. टपाचं आणि तळाचं नुकसान कुणाच्या माथी, हे विचारायला त्यांनी कंपनीला मेल केला. पाठोपाठ दुसरा गेला, तिसरा गेला. पहिलं उत्तर 'डिअर सर' असं आलं. पुढे पुढे 'डिअर नाना' येऊ लागलं. तिथल्या डोंगरात किआ नावाचा पोपट असतो, तो गाड्यांचं रबर कुरतडतो. हे नुकसान विम्यात कुठल्या सदरात धरायचं, या प्रश्नाला उत्तर यायला दोन दिवस लागले. मोहरीच्या फोडणीने धुराचा अलार्म वाजतो का, हा नानींचा प्रश्न मात्र लगेच सुटला. वाजतो. तेव्हा खिडकी आणि टपावरचं झाकण उघडल्याशिवाय तेल तापवायचं नाही, असा ठराव झाला.

विमान सिंगापूरमार्गे क्राइस्टचर्चला. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापुढे साडेसात तास. उतरल्या उतरल्या, झोप डोळ्यांवर असताना सात मीटरची गाडी रस्त्यावर काढायची नाही, हे नानांनी ठामपणे ठरवलं होतं. पहिली रात्र मोटेलमध्ये, ताबा सकाळी. या एका निर्णयावर कुणीही हसलं नाही.

पुढचं मला नानींनी सांगितलं. विमानतळाजवळच्या डेपोत एका हसऱ्या मुलीने त्यांना टॅब्लेटवर व्हिडिओ लावून दिला आणि पाऊण तासात मोकळं करते म्हणाली. नानांनी खिशातून टेप, टॉर्च आणि तीन पानी यादी काढली. मुलीने नाव वाचलं आणि तिचं हसू जरा घट्ट झालं. मेलवरची तीच.

कामं वाटलेली होती. नातू फोटोग्राफर: काच, टायर, चारही कोपरे, जुना प्रत्येक ओरखडा. लेक कप्प्यांवर: कडी लागते का, धक्क्याने उघडते का. नानी ओट्यावर: बर्नर दोन्ही पेटतात का, चमचे सहाचे सहा आहेत का. नात नुकतीच पाच वर्षांची झालेली, तिला तिच्या सीटमध्ये बसवून पट्टा तपासला, कारण सातव्या वाढदिवसापर्यंत तिथे मुलांना वेगळी सीट सक्तीची. जावयांनी फक्त पेन धरायचं आणि नाना सांगेपर्यंत सही करायची नाही. स्वतः नाना टॉर्च घेऊन गाडीखाली गेले. बाहेर फक्त कीटो सँडल दिसत होते. शेजारच्या गाडीचं जर्मन जोडपं चावी घेऊन निघून गेलं, त्यांच्या जागी दुसरं आलं, तेही गेलं. सँडल तिथेच.

आणि यादीच्या दुसऱ्या पानावर नानांना वीज जोडायची वायर सापडली नाही. सामानाचे कप्पे पुन्हा उघडले. खरंच नव्हती. मुलगी धावत आत गेली, वायर आणली, आणि म्हणाली की ही तपासायचं सहसा कुणाला सुचत नाही. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि यादीवर खूण केली. नानी म्हणतात, लग्नात हार घालतानाही ते इतके भरून आले नव्हते.

चावी मिळाली. टेकापो, माउंट कुक, मिल्फर्ड सगळं झालं, फोटो सुंदर आहेत. नाना त्यांत फारसे दिसत नाहीत. गाडी सुरू झाली आणि त्यांना करायला काही उरलं नाही, म्हणून पहिल्याच वळणावर त्यांनी गाडी परत करायची यादी लिहायला घेतली होती: डिझेल पूर्ण, सांडपाणी रिकामं, कॅसेट धुतलेली, चमचे सहा.

तुम्हीही मोटरहोम घेणार असाल तर माझं ऐका. घरात असा नाना असेल तर त्याला न्याच. नसेल तर नातेवाइकांत शोधा, हल्ली जवळपास मिळतात. यादी त्याच्या हाती द्या, चावी दुसऱ्याच्या. कंपनी ताब्याला पाऊण तास लागेल म्हणाली, तरी अर्धा दिवस धरा. आणि त्याच्यासमोर चुकूनही "तिथे गेल्यावर बघू" असं म्हणू नका.