पाव फेरी

सायकल चालविणाऱ्या प्रत्येक मंडळीत एक गृहस्थ असा असतोच की, ज्याची सायकल चालते त्याहून अधिक वेळ उभी असते, आणि ती उभी असताना तो स्वतः मागील चाकापाशी उकिडवा बसलेला असतो. त्याची ओळख करून देण्याचे वस्तुतः प्रयोजन नाही. तो आपल्या परिचयाचा आहेच. आमच्या साताऱ्याच्या मंडळीत त्याला आबा म्हणतात. भल्या पहाटे पोवई नाक्यावर सगळे बाटल्या भरून, टोप्या चढवून, एक पाय पेडलवर ठेवून सज्ज असावेत, कोणी तरी ‘चला’ म्हणावे, आणि नेमक्या त्याच क्षणी आबांच्या मुखातून ते सुपरिचित वाक्य बाहेर पडावे: “जरा थांबा हो. तिसरा पडत नाहीय. पाव फेरी देतो फक्त.”

या पाव फेरीचे शास्त्र थोडक्यात सांगणे भाग आहे. मुठीजवळचा खटका दाबला की पोलादी केबल ठरावीक अंतर ओढली जाते, आणि मागचे डिरेलर चेनला एका चक्रावरून शेजारच्या चक्रावर लोटते. आठ चक्रांच्या साध्या संचात दोन चक्रांच्या मध्यांतील अंतर पाच मिलिमीटरही भरत नाही. त्यामुळे केबल किंचित सैल पडली तरी चेन दोन घरांच्या मध्ये कुरकुरत राहते, आणि घाटात जोर लावला की फटकन् उडते. यावर उपाय म्हणून केबलच्या टोकाशी एक चिमुकला ॲडजस्टर असतो. तो बोटांनी, पाव पाव फेरीनेच, फिरवावा, हे कोणताही जाणता मेस्त्री सांगेल. नव्या सायकलीची केबल आणि तिचे वेष्टन पहिल्या काही आठवड्यांत दबून बसते, ताण उतरतो, आणि त्या वेळी पाव फेरीने खरोखरच गुण येतो. आबांनाही तो आला. पुढील सर्व अनर्थाचे मूळ या पहिल्या यशात आहे.

कारण आबा हे भूमि अभिलेख खात्यातून निमतानदार म्हणून निवृत्त झालेले. ज्यांच्या घराण्यात बांधाचा एखादा तरी तंटा आहे त्यांना (म्हणजे सातारा-सांगलीकडच्या बहुतेकांना) या पदाचा महिमा सांगावयास नको. भूकरमापकाने केलेली मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, आणि तीही मान्य नसेल तर सुपर निमताना, असा त्या खात्याचा क्रम आहे. आबांनी तोच क्रम सायकलीस लागू केला. पोवई नाक्यावर जी पाव फेरी होई ती साधी. समर्थ मंदिरापाशी घाट सुरू होण्यापूर्वी तिची निमताना. आणि यवतेश्वराच्या वळणावर, ज्या ठिकाणी बाकीच्यांचा श्वास भात्यासारखा चाललेला असे त्या ठिकाणी, सायकल कठड्याला टेकवून सुपर निमताना. पहिल्या खेपेस दिलेली पाव फेरी दुसऱ्या खेपेस परत घेतली जाई आणि तिसऱ्या खेपेस पुन्हा बहाल होई, म्हणजे ॲडजस्टर अखेरीस मूळच्याच जागी येई. परंतु कार्यवाही यथासांग झाल्याचे समाधान आबांच्या मुद्रेवर विलसत असे.

याची एक वहीही होती. तारीख, गियर क्रमांक, तक्रारीचे स्वरूप, दिलेली फेरी आणि शेरा असे तिचे रकाने असून शेऱ्याच्या रकान्यात बहुधा ‘समाधानकारक, तथापि’ एवढेच लिहिलेले असे. डिरेलरला वरच्या आणि खालच्या टोकांसाठी जे दोन बारीक स्क्रू असतात, ज्यांच्यामुळे चेन स्पोकमध्ये अथवा चौकटीवर जाऊन पडत नाही, त्यांना मात्र हात लावण्याची कोणासही मुभा नव्हती. “त्या हद्दी कायम झालेल्या आहेत,” असे आबा म्हणत, आणि त्या स्वरापुढे उभे राहण्याची छाती पेचकस हाती घेतलेल्या तरुणासही होत नसे.

एकदा आमच्यातील एका वाचनप्रिय वकिलांनी त्यांना डिवचण्यासाठी सांगितले की, टूर द फ्रान्स या जगद्विख्यात शर्यतीत १९३७ सालापर्यंत डिरेलरला बंदी होती, आणि तिचे संस्थापक आंरी देग्रांज यांच्या मते असले बदलते गियर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांचीच सोय होते. आबांनी शांतपणे आपले वय सांगितले. ते सदुसष्ट होते. “म्हणजे मी पात्र ठरतो,” असे म्हणून त्यांनी चौथ्या गियरला पाव फेरी दिली, आणि वकीलसाहेबांना पुढील सर्व घाट स्वतःच्या गियरच्या कुरकुरीसह चढावा लागला. कारण ती कुरकुर आजवर त्यांना ऐकूच आली नव्हती, ती आबांनी त्यांना ऐकविली होती. आबांच्या सहवासाचा हाच खरा उपद्रव होय. दुसऱ्याच्या निर्वेध सायकलीतील सुप्त दोष ते जागा करतात.

पुढे पाव फेरी सायकलीपुरती राहिली नाही. घरातला गळका नळ, देवघरातील समईची वात, चिरंजीवांचे वरिष्ठांशी बिनसलेले, नातीचे गणित, या सर्वांवर त्यांचे निदान एकच: “मोडलेलं काही नाही. ताण तेवढा चुकलाय.” मिरजेस एका सतार करणाऱ्याच्या दुकानात मी त्यांना घेऊन गेलो असता, कारागीर तंबोरा लावीत बसलेला, आबा माझ्या दंडाला धरून पुढे झुकले आणि म्हणाले, “खुंटीला पाव फेरी द्या.” मी लज्जेने मान खाली घातली. कारागिराने खुंटी पाव फेरी फिरविली, तार छेडली, आणि अत्यंत आदराने विचारले, “आपण कुणाकडे शिकलात?” त्यानंतरचे दोन महिने आमच्या मंडळीस कसे गेले ते विचारू नये.

मिरजेचा उल्लेख आला तो अशासाठी की, पत्नीच्या पश्चात आबा वर्षाचे निम्मे दिवस सांगलीस, विश्रामबागेत, कन्येकडे असतात, आणि माझेही कामानिमित्त तिकडे नित्य जाणे आहे. सांगली हे गाव गियरच्या दृष्टीने निरुपयोगी म्हणावे इतके सपाट. कृष्णाकाठच्या त्या सपाटीत सायकलस्वाराच्या वाट्यास येणारा चढ म्हणजे एखाद्या पुलाचा. १९२९ सालच्या आयर्विन पुलावरही मुले एकाच गियरवर, गप्पा मारीत, चढून जातात. अशा गावी आठांतील सहा चक्रे केवळ शोभेची. तरीही याच गावी आबांच्या पाव फेरीचा पहिला पराभव झाला. गियर मुळीच पडेनात. पाव फेरी झाली, अर्धी झाली, वहीच्या शेऱ्यातून ‘समाधानकारक’ गळून नुसते ‘तथापि’ उरले, आबांचे अन्नावरचे लक्ष उडाले, आणि शेवटी त्यांच्या कन्येने मला फोन करून म्हटले, “काका, बाबांना कुठल्या तरी मेस्त्रीकडे घेऊन जा. मी सांगितलं तर ऐकत नाहीत.”

त्या आठवड्यात सायंकाळी त्यांच्यासोबत बसणे होई, तेव्हा मला, काहीशा नाइलाजाने, एक गोष्ट उमगली. या मनुष्याची सारी हयात बांधावर गेली. सख्खे भाऊ कोयते घेऊन समोरासमोर उभे, मध्ये प्लेन टेबल मांडून हे नकाशा काढताहेत. आणि काढलेली रेघ दोघांपैकी एकास तरी अमान्य. बापाने केलेला अर्ज मुलाने चालवावा आणि नातवाने त्याची नक्कल मागावी, इतके ते तंटे दीर्घायुषी. सबंध नोकरीत ‘मिटले’ असा शब्द त्यांना क्वचितच लिहिता आला असेल. आणि मग निवृत्तीनंतर, मुलाने घेऊन दिलेल्या एका साध्या सायकलीवर, त्यांनी बोटाने एक बोंड किंचित फिरविले, आणि तक्रार तत्क्षणी मिटली. अपील झाले नाही. असा निकाल ज्याला एकदा लाभला तो पुन्हा पुन्हा मागत राहिला तर त्याला हसण्याचा मला अधिकार आहे, पण फारसा नाही.

मेस्त्रीने सायकल उलटी केली, मागून एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाला, “आबा, केबलीला कशापायी पिळताय? हँगर आत वळलाय की.” डिरेलर ज्या लहानशा पट्टीवर टांगलेले असते तो हँगर. पडझडीत चौकट बचावावी म्हणून तो मुद्दाम मऊ धातूचा करतात. साताऱ्याहून येताना सायकल मोटारीत गियरच्या बाजूवर आडवी घातली होती, आणि तिच्यावर तांदळाचे पोते. जन्मभर कुणब्यांना ‘आधी मूळ दगड जागेवर आहे का पाहा’ असे बजावणाऱ्या निमतानदाराचा मूळ दगडच हलला होता. मला वाटले, आता हे खचतील. पण मेस्त्रीने हँगरमध्ये एक लांब दांडा बसवून चाकाच्या कडेपासूनचे अंतर चारी बाजूंनी मोजावयास प्रारंभ केला, तेव्हा आबांचे डोळे लकाकले. मोजणीच चालली होती! त्यांनी आपण होऊन चाक धरले, आणि खड्या सरकारी आवाजात अंतरे पुकारू लागले.

हँगर सरळ झाला. गियर मुकाट पडू लागले. तेवढ्यावर निघावयाचे, तो आबांनी खिशातून पोलादी पट्टी काढून चेनला लावली. चेनची खीळ खिळीपासून अर्ध्या इंचावर असते. चोवीस कड्या म्हणजे बरोबर बारा इंच. सांधे झिजून ते माप इंचाच्या सोळाव्या हिश्शाने वाढले की चेन बदलावी, असा नियम. आबांनी चष्मा वर करून पाहिले. तेवढी वाढ भरली होती.

“मोजणीची साखळीही अशीच वाढते,” ते पट्टी न उचलता म्हणाले. “तेहतीस फुटांची. तेहतीस फूट चौरस म्हणजे गुंठा. ओढून ओढून कड्या झिजतात, साखळी लांबते. लांब साखळी कमी वेळा पडते, म्हणजे रान कागदावर कमी भरतं. नवीन होतो तेव्हा आमच्या कचेरीतली साखळी मी पट्टीवर घातली. दोन इंच जास्त. प्रमाण अगदी हेच.” त्यांनी क्षणभर मनात हिशेब केला. “एकराला चारशेवर चौरस फूट गेले. मी वर लिहिलं.”

“मग?” मी विचारले.

एवढ्यात मेस्त्रीने वाकून चेन बोटाने हलविली आणि आबांचा खर्च वाचवावा या सद्भावाने म्हणाला, “राहू द्या आबा, एवढ्या तेवढ्यानं काय होतंय? आजून चालंल.”

“तेही असंच म्हणाले होते,” आबा म्हणाले. “नवी घाल.”